बसऱ्याची कोठडी आणि ‘संपलेला विषय’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदारसाहेब, नमस्कार.

2003 मध्ये इराकमधल्या बसऱ्यात ब्रिटिश फौजेच्या कोठडीत मेलेल्या बहा मूसावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, त्याला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पंख्याखाली बसून लिहिणाऱ्याला फौजेतला ताण कळत नाही. महिन्याभरापूर्वी ज्या ब्रिटिश पलटणीचा कॅप्टन बॉम्बस्फोटात गेला, तिने संशयितांना काय ओवाळायचं होतं? एक कॉर्पोरल दोषी ठरला, तुरुंगात गेला, विषय संपला. मग सुमारे 1 कोटी 30 लाख पौंड खर्चून पुन्हा सार्वजनिक चौकशी कशाला? आणि इराकमधले असले आरोप पुढे खोटेच निघाले.

ताणाचं मान्य. पकडलेल्यांचा आपल्या माणसांवरच्या हल्ल्यांशी संबंध आहे, अशी कुजबुजही त्या तळावर होती. पण राग आला म्हणून हात उठला, असं इथे घडलेलं नाही. 14 सप्टेंबर 2003 ला ब्रिटिश जवानांनी बसऱ्यातल्या हॉटेलातून माणसं उचलली. त्यांत 26 वर्षांचा बहा मूसा होता, हॉटेलचा रिसेप्शनिस्ट, दोन मुलांचा बाप, बायको आधीच वारलेली. त्याचे वडील तर इराकी पोलिसात कर्नल. डोक्यावर गोणपाटाच्या पिशव्या चढवून या लोकांना गुडघे वाकवून, हात समोर ताणून उभं केलं गेलं. हात खाली आला की लाथ. हे तासन्‌तास, पाळ्या लावून चाललं. तुम्ही म्हणता तो कॉर्पोरल, पेन, एकेकाला ओळीने ठोसे मारायचा, प्रत्येकाच्या तोंडून वेगळा आवाज निघायचा, आणि याला तो ‘कॉयर’, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, म्हणायचा. बघायला आलेल्यांना करूनही दाखवायचा. पिशव्या घातलेल्या कैद्यांवर तो ओरडतोय, त्यांना ओढून पुन्हा त्याच अवस्थेत उभं करतोय, असा मिनिटभराचा व्हिडिओ चौकशीत सगळ्यांनी पाहिला. 15 तारखेच्या रात्री मूसा मेला. अंगावर 93 जखमा.

कोठडी तळाच्या आतच होती. येणारेजाणारे डोकावत होते, ओरडणं बाहेर ऐकू जात होतं. संतापाच्या भरात झालेली गोष्ट दीड दिवस चालत नाही, साहेब.

आता ‘विषय संपला’ याबद्दल. कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी खटला, 2006 मध्ये उभं राहिलं, सात जणांवर. पेनने अमानुष वागणुकीचा गुन्हा स्वतःहून कबूल केला, त्याला एक वर्षाची कैद झाली. बाकीचे सहा सुटले, त्यांत पलटणीचा कमांडिंग ऑफिसरही. तिथल्या न्यायाधीशांनीच बोलून दाखवलं की मारहाण करणारे आणखी होते, पण जवानांनी आपसांत फळी धरल्यामुळे त्यांच्याविरुद्ध पुरावाच उरला नाही. थोडक्यात, अळीमिळी गुपचिळी. याला विषय संपणं म्हणायचं का?

निवृत्त न्यायमूर्ती सर विल्यम गेज यांच्या चौकशीने वेगळी वाट धरली. जो साक्ष देईल, त्याची साक्ष त्याच्याच विरुद्ध खटल्यात वापरली जाणार नाही, असं आश्वासन सरकारी वकिलांकडून आधीच घेतलं. मग तोंडं उघडली. खुद्द पेननेही कबूल केलं की आपण आधी सांगितलं त्याहून जास्त मारलं, आणि इतरांनाही मारताना पाहिलं. याची किंमत अर्थात आहेच. सत्य बाहेर येतं, पण बोलणाऱ्याला त्याच्याच शब्दांवर शिक्षा करता येत नाही. मूसाच्या वडिलांना हा सौदा कसा वाटला असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. तरी मी म्हणेन, इथे दुसरा मार्ग उरला नव्हता.

आणि यातून जे निघालं ते कोर्ट मार्शलमध्ये कधीच निघालं नसतं. डोक्यावर पिशवी, ताणून उभं करणं, झोप न देणं, अन्नपाणी तोडणं, कानठळ्या बसवणारा आवाज, या पाच गोष्टी ब्रिटिश फौजेने 1971 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये केल्या होत्या. बोभाटा झाल्यावर मार्च 1972 मध्ये पंतप्रधान हीथ यांनी संसदेत उभं राहून जाहीर केलं की कैद्यांकडून माहिती काढताना हे प्रकार पुन्हा वापरले जाणार नाहीत. मग 31 वर्षांनी बसऱ्यात पिशव्या आल्या कुठून? गेज यांनी नेमका हाच धागा धरला आणि ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाच्या कागदांपर्यंत मागे गेले. बंदी कुणी उठवली नव्हती. ती शिकवण्यातून, पुस्तिकांतून हळूहळू गळाली होती. इराकमध्ये उतरलेल्या कित्येकांना अशी बंदी आहे हेच ठाऊक नव्हतं.

यातली एक बाब तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. शत्रूच्या हाती सापडलास तर काय सोसावं लागेल, याची तालीम ब्रिटिश जवानांना देतात, आणि त्या तालमीत त्यांच्याच डोक्यावर पिशवी चढवतात. ज्याने ते भोगलंय, पण ‘आपण हे कुणावर करायचं नाही’ हे ज्याला कुणी बजावलं नाही, तो काय समजणार? गेज यांच्या 2011 च्या अहवालाने संरक्षण मंत्रालयाच्या पदरात संस्थात्मक अपयश टाकलं ते यासाठी.

असंही नाही की कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फौजेचेच कायदा सल्लागार लेफ्टनंट कर्नल निकोलस मर्सर यांनी मार्च 2003 मध्ये, म्हणजे मूसा मरण्याआधी सहा महिने, पिशव्या घातलेले कैदी पाहून लेखी तक्रार केली होती. फौजेची बदनामी कुणी केली म्हणायची, मर्सरनी?

खोट्या आरोपांचा मुद्दा मी टाळणार नाही. इराकमधल्या मे 2004 च्या एका चकमकीनंतर ब्रिटिश जवानांनी तळावर कैद्यांना ठार मारलं, असा आरोप झाला होता. त्यासाठी नेमलेल्या अल-स्वेदी चौकशीने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं की हे धडधडीत खोटं आहे. ते प्रकरण लावून धरणाऱ्या वकिलाची सनद 2017 मध्ये गेली, आणि मूसाच्या घरच्यांचा वकीलही तोच होता, हेही सांगून टाकतो. पण जवानांवरचा खुनाचा डाग पुसला कशाने? चौकशीनेच. त्याच अहवालात काही कैद्यांना झोपू दिलं नाही, धड खायला दिलं नाही, हेही नोंदलंय. आणि 93 जखमा वकिलाने मोजल्या नव्हत्या, शवविच्छेदनात मोजल्या गेल्या.

तुमचे पणजोबा 117 व्या मराठा पलटणीतून बसऱ्यालाच उतरले होते आणि 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, इराकमधल्या कूतला तुर्कांच्या हाती सापडले, हे तुम्हीच लिहिलंय. त्या शरणागतीनंतर वाळवंटातून हाकलत नेलेले हजारो कैदी परत आले नाहीत. पहारेकऱ्यांवर तेव्हाही ताण असणारच. तिथे तुम्ही ही सबब चालवून घ्याल असं मला वाटत नाही.

गेज यांच्या 73 शिफारशींपैकी एक सरकारने नाकारली. कैद्याच्या तोंडावर ओरडून, अपमान करून प्रश्न विचारण्याची पद्धत सरसकट बंद करा, ही ती. मंत्र्यांचं म्हणणं, तातडीची माहिती काढायला ती लागते. मला हा नकार पटत नाही. तुम्हाला बहुधा पटेल. तुम्ही सेवेत असताना पकडलेला माणूस ताब्यात घेतल्यापासून पुढे सोपवेपर्यंत काय करायचं, हे लेखी मिळायचं की वरिष्ठ सांगतील तसं चालायचं? सांगण्याजोगं असेल तेवढं जरूर लिहा. पुढच्या लेखात तो भाग घ्यायचा विचार आहे.