पट्ट्याला वॉर्ड दिसत नाही

पुण्यातल्या सिस्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मनगटाला पट्टा बांधा, एआय तुमची झोप मोजेल आणि कोणती नर्स बर्नआउटच्या, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याच्या, वाटेवर आहे ते आधीच अचूक सांगेल. बावीस वर्षं नाइट केल्यावर मला काही हे पचत नाही.

‘पट्टा झोप मोजतो.’ हात किती हलला, नाडी कशी चाललीय, यावरून तो अंदाज बांधतो. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात, ते याला कुठून जमणार? निपचित पडून छताकडे बघणारी बाई त्याच्या हिशेबात बऱ्याचदा झोपलेली असते. नाइट करून हडपसरला पोचले की सकाळी दहाला मी तशीच पडलेली असते. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपतात तोवर भंगारवाला हाळी देतो.

‘झोप बिघडली की बर्नआउट येणार.’ संबंध आहे, नाही कोण म्हणतंय? पण पार थकलेल्या माणसालाही झोप लागत नाही. आधी काय झालं ते आलेखात दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटच्या तीन खुणा सांगितल्या: दमणूक, कामाबद्दल तुटकपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. झोपेत दिसलीच तर पहिली दिसेल. आणि हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळल्याने येणारी अवस्था आहे, हेही तिथेच म्हटलंय.

‘अचूक’ या शब्दाचा तर हिशेबच करू. समजा, शंभर नर्स, त्यातल्या वीस खरंच त्या वाटेवर. यंत्र दर शंभरात ऐंशी वेळा बरोबर. म्हणजे वीसपैकी सोळा सापडल्या, आणि उरलेल्या ऐंशीतल्याही सोळा उगाच अडकल्या. लाल दिवा लागलेल्यांपैकी निम्म्या धडधाकट! त्यात कोणी कंत्राटी असेल तर तिचं कंत्राट वाढेल?

बरं, यंत्राला बर्नआउट शिकवतात कशावरून? बहुतेक वेळा नर्सनीच भरलेल्या प्रश्नावल्यांवरून. बर्नआउट मोजणारी मानसशास्त्रज्ञ मास्लाक यांची १९८१ची प्रश्नावली अजून चालते. मग आम्हालाच विचारा ना. नाहीतर रोस्टर उघडा: सलग नाइट, रद्द झालेले डे-ऑफ, एका सिस्टरमागे किती पेशंट, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

मेसेज टाकणाऱ्या आमच्या इन्चार्ज सिस्टरना मी विचारलं, ‘मॅडम, लाल दिवा लागला तर त्या नाइटला बदली कोण येणार?’

त्यांनी अंगठा पाठवला.