तुमच्या त्या दीड मिनिटाबद्दल

तासगावच्या दादा, नमस्कार.

"मॅडम, डॉक्टर थकतात हे मान्य. पण वडील आयसीयूत असताना दोन दिवसांत मला दीड मिनिट मिळालं. 'सिरियस आहेत, सही करा.' ते रात्री गेले. तुमचा लेख म्हणजे या वागण्याची वकिली आहे," असं तुम्ही लिहिलंत.

डॉक्टरांच्या थकव्यावरचा माझा तो लेख परत वाचला. सलग ड्युटी, अर्धवट झोप, मारहाणीची धास्ती, सगळं आमच्याच बाजूचं आलंय. दाराबाहेर चटई टाकून बसलेला माणूस त्यात कुठंच नाही. ही माझी चूक.

पण "चांगल्या डॉक्टरला बोलायला वेळ सापडतोच" हे तुमचं म्हणणं पटत नाही. 1992 साली केंद्र सरकारनं निवासी डॉक्टरांना आठवड्याला 48 तास ड्युटी ठरवून दिली. माझ्या निवासी काळात तेवढे तास गुरुवार उजाडायच्या आत भरायचे. पहाटे चारला तिसरा अत्यवस्थ पेशंट आला की तोंडातून तेवढाच एक शब्द निघतो, सिरियस. आमच्या लेखी त्याचा अर्थ, अजून काहीही होऊ शकतं. घरच्यांच्या लेखी, गावाकडं फोन लावा. मिरजेत तर अथणीकडून आलेल्या आजीला तो शब्द कन्नडमध्ये वॉर्डातल्या मावशी सांगतात, आणि मावशींना तो कुणी समजावलेला नसतो.

2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद शिकवतात. चांगलंच आहे. पण ड्युटीच्या तक्त्यात त्यासाठी अर्धा तास धरलेला नसेल, तर शिकलेलं वापरायचं कधी? मी आता संध्याकाळी पाचला प्रत्येक घरातल्या एकाच माणसाला बोलावते, खुर्ची देते, आणि आधी विचारते, "तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" निम्मा गैरसमज तिथंच कळतो. हा वेळ औषधाइतकाच उपचाराचा भाग आहे, असं मी मानते.

तुमचं शेवटचं वाक्य मनातून जात नाही: "त्यांना त्रास झाला का, एवढंच विचारायचं होतं." त्या दवाखान्यात केसपेपरची नक्कल लेखी मागा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे ती 72 तासांत द्यावी लागते, आणि भरती पेशंटची कागदपत्रं 3 वर्षं जपून ठेवावी लागतात. ती घेऊन मिरजेला या. त्या रात्रीचं पान आपण दोघं बसून वाचू.