गोव्यावर प्रेम करायचंय? आधी गोवा सोडा

गोव्यात राहून गोव्यावर प्रेम करणं फार अवघड. सकाळी नळ कोरडा, दुपारी वीज गेलेली, संध्याकाळी पर्वरीच्या वाहतुकीत अडकलेले. प्रेम करणार कधी? त्यापेक्षा पुणे गाठा, बेंगळुरू गाठा, दुबई गाठा, आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून थेट लिस्बनला जा. मग बघा कसा उमाळा येतो ते. यंदाच्या गणेशचवथीला आमच्या घरी अशीच एक प्रेमळ स्वारी येऊन गेली. तिच्याकडून जे शिकलो, ते नव्याने निघणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सांगतो.

पोईपासून, म्हणजे आमच्या गावठी पावापासून सुरुवात करा. तुमच्या शहरात पोई मिळत नाही, हे दर रविवारी फोटोसकट जाहीर करा. गावात असताना पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू वाजला की उशी कानावर दाबून घेत होतात, ते सांगायची गरज नाही.

म्हादई नदी आमची आई, असा डीपी ठेवा. कर्नाटक तिचं पाणी जिथून वळवू बघतंय, ते कळसा-भांडुरा नकाशात सापडलं नाही तरी चालेल.

१६ जानेवारीला जनमत कौलाची पोस्ट हवीच. १९६७ साली आपल्या आजोबांनी गोवा वेगळा ठेवायच्या दोन पानांवर शिक्का मारला की महाराष्ट्रात विलीन करायच्या फुलावर, या खोलात शिरू नका. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत तो विषय अजूनही जेवताना काढत नाहीत.

पर्यटकांनी गोव्याची वाट लावली, हे उठता-बसता म्हणा. म्हणता म्हणता ऑफिसातल्या लोकांना ‘अजून गर्दी न झालेले’ किनारे लिहून द्या.

आता चवथ. ही खरी परीक्षा.

यायचं ते आदल्या रात्री उशिरा, म्हणजे माटोळी, गणपतीच्या वर टांगायची रानफळा-फुलांची चौकट, बांधून झालेली असते. तिच्यासाठी मी भर पावसात रान तुडवलं, आंबाडे, कांगलां, घागऱ्या जमवल्या, उरलंसुरलं फोंड्याच्या बाजारात सांगतील त्या भावाने घेतलं. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, आल्या आल्या खाली उभं राहून मोबाईल वर धरला. “मित्रांनो, हे आमचं बालपण!” मग मोबाईल जरा खाली घेऊन हळूच मला, “ह्या तांबड्याला काय म्हणतात रे?”

तेवढ्यावर भागलं असतं, तर हा लेख झाला नसता. पण त्याचं लक्ष मागच्या खोलीकडे गेलं. तिथली कौलं काढून मी यंदा पत्रे घातलेत. दादाचा चेहरा असा पडला, की मी शांतादुर्गेच्या देवळावरच पत्रे ठोकले असावेत. “अरे, कौलं काढलीस? वारसा आहे तो!” बरं, वारसा. माकडांची टोळी छपरावरून एकदा गेली की खाली घरात धार लागते. पाऊस कोसळतोय, खाली आई शिडी धरून उभी, वर मी. शाकारणी करणारा माणूस मिळत नाही, कारण म्हातारा थकला आणि त्याचा मुलगा गेला आखातात. तोही तिकडे बसून कौलांच्या आठवणी काढत असेल, काय सांगावं! दादा, तुला कौलं एवढी आवडतात ना? मग जुलैत ये. चवथीपर्यंत माकडं थांबत नाहीत.

दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो. खतखत्याची ताटंही अजून उचलली नव्हती, तेवढ्यात दादाने बॅगेतून फाइल काढली. डोंगरावरची काजूची जमीन. “रेट बरा येतोय. झोनचं काय ते तो माणूस बघून घेईल.” जमीन आज्याच्या नावावर, आणि आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, त्यांच्या बायकांच्याही. वहिनीची सही होऊनच आली होती. दादाला नगरनियोजन कायद्यातली, जमिनीचा झोन बदलण्याची १७(२) आणि ३९अ दोन्ही कलमं आरतीसारखी पाठ. ह्याच कलमांविरुद्धची ऑनलाइन याचिका त्याने फॅमिली ग्रुपवर टाकली होती, आणि कोणी सही केली नाही म्हणून दोनदा आठवणही केली होती!

पुढचा सल्ला माटोळीच्या रीलखाली कुठली गाणी टाकावीत याबद्दल होता. तो राहू दे.

त्या डोंगराखाली झर आहे, दादा. वर चिऱ्याच्या कातळात मुरलेलं पाणी तिथे मे महिन्यातसुद्धा येतं, आणि खालच्या वाड्यावरची कुळागरं, माडा-पोफळीच्या बागा, त्यावर उभी आहेत. वर जेसीबी चढला की पहिल्याच पावसात तांबडी माती खालच्या विहिरींत येणार. त्या विहिरींचं पाणी तू पीत नाहीस. झर आटली की टँकरसमोर बादल्या घेऊन आम्ही उभे राहणार, आणि तू त्या बादल्यांचा फोटो ‘अरेरे, माझा गोवा’ म्हणून पुढे पाठवणार. मोल्याचं जंगल वाचवायच्या आंदोलनाच्या वेळी, २०२० साली, तू महिनाभर फोटोभोवती हिरवी चौकट लावून बसला होतास. ते झाड सरकारने तोडलं तर पाप, आणि हे आपण विकलं तर रेट?

गावात राहिलेलेही विकतात, माहीत आहे मला. तेही वाईटच करतात. पण ते विकून झाल्यावर मला फोन करून “तुम्ही तिथले लोक काहीच करत नाही” असं सुनावत नाहीत. रविवारी ग्रामसभेला आम्ही मोजकी डोकी जातो, कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब होते ती आमच्या डोळ्यांदेखत. तुझं नाव अजून इथल्याच मतदारयादीत आहे. कधी आला आहेस एकदा तरी?

चवथीला ये, जेव, घुमट वाजव, घर तुझंही आहे. फाइल तेवढी मी परत पाठवली आहे. सही केलेली नाही आणि करणारही नाही. वहिनीकडून फोन करवू नकोस.