पाळकसाहेब झोपलेत का?

आमचे हे चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. रात्री साडेअकराला फोन. "पाळकसाहेब झोपलेत का?" नाही हो, तुमच्याच फोनची वाट बघत बसलेत! कुणाला अचानक मिरजेला दवाखान्यात न्यायचं असेल तर हे रात्री दोनलाही गाडी काढतात, त्याबद्दल माझा चकार शब्द नाही. पण हा फोन कशासाठी? तर रविवारी चर्चमध्ये गाताना फोन करणाऱ्यांच्या सुनेला पुढच्या रांगेत उभं केलं नाही म्हणून!

सोमवार हा यांच्या सुट्टीचा एकुलता एक दिवस. नेमके तेव्हाच विश्रामबागेतले एक काका येतात, "पाच मिनिटं" म्हणत, आणि दोन चहा झाल्याशिवाय हलत नाहीत. विषय तोच, संडेस्कूलचा पंखा. जरा नाही म्हटलं की लगेच, "आधीचे पाळक असे नव्हते." (त्यांनाही हेच ऐकवायचे. त्यांच्या बायकोनंच सांगितलंय मला.)

बायबलमधल्या निर्गमच्या 18व्या अध्यायात इथ्रोनं जावयाला, म्हणजे मोशेला, स्पष्ट सुनावलंय: एकटाच सगळ्यांचे तंटे सोडवत बसलास तर थकून जाशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. हा अध्याय वाचला की आमची मंडळी माना डोलवते. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांचे नंबर दारावर लावलेत. तरी फोन इथंच!

परवा "तातडीचं असेल तर मला करा" असं सगळ्यांना सांगून यांचा फोन नऊलाच पिठाच्या डब्यामागं ठेवला. सकाळी त्यावर 17 मिस्ड कॉल. माझ्या फोनवर एकही नाही.