सामान सोडलं की ‘खरा मी’ सापडतो?

‘फाइट क्लब’ या गोष्टीतल्या बंडखोर टायलर डर्डनचा फोटो आणि खाली मजकूर: ‘घरातलं सामान सोडा, आतला खरा माणूस बाहेर येईल.’ ‘फाइट क्लब’चं सार म्हणून हे सगळीकडे फिरतं. चक पालाह्न्युक यांची कादंबरी (१९९६) आणि डेव्हिड फिंचर यांचा चित्रपट (१९९९) पाहिले, तर हा दावा टिकत नाही.

‘नायक सामान सोडतो.’ सोडत नाही. त्याचं घर स्फोटात उडतं. स्फोट घडवलेला असतो टायलरने, म्हणजे नायकाच्याच दुभंगलेल्या मनातल्या दुसऱ्या रूपाने, आणि नायकाला याचा पत्ता नसतो. याला त्याग कसं म्हणायचं?

‘सामान गेलं की माणूस मोकळा होतो.’ इथे चित्रपट नीट पाहायला हवा. सुरुवातीला नायकाच्या घरातल्या वस्तूंशेजारी कॅटलॉगमधली नावं आणि किमती पडद्यावर उमटतात. पुढे ‘प्रोजेक्ट मेहेम’ या टायलरच्या तोडफोड करणाऱ्या गुप्त टोळीची भरती सुरू होते, तेव्हा दारातल्या उमेदवाराकडे काय काय आहे ते विचारलं जातं: काळे शर्ट दोन, काळ्या पँट दोन, काळे बूट एक जोड, काळे मोजे दोन जोड, काळं जॅकेट एक आणि स्वतःच्या दफनासाठी ३०० डॉलर. कॅटलॉग गेला, त्याच्या जागी दुसरी यादी आली. आणि हिच्यात रंगसुद्धा निवडता येत नाही. शिवाय डोकं भादरायचं, नाव सोडून द्यायचं. टोळीतला बॉब मारला जातो तेव्हा नायक कळवळून सांगतो की या माणसाला नाव आहे, रॉबर्ट पॉल्सन. बघता बघता बाकीचे तेच एका सुरात म्हणू लागतात. चित्रपटातला सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रसंग हाच.

‘टायलर बाजाराबाहेरचा आहे.’ लायपोसक्शनच्या, म्हणजे अंगातली चरबी काढून देणाऱ्या दवाखान्याच्या कचऱ्यातली चरबी चोरून तो साबण करतो आणि मोठ्या दुकानांना २० डॉलरला एक वडी विकतो.

‘मग सगळ्यापासून लांब गेलं तर?’ फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक यांच्या ‘ले शोझ’ (म्हणजे ‘वस्तू’, १९६५) या कादंबरीत ते करून झालंय. झेरोम आणि सिल्वी पॅरिसमध्ये ग्राहकांच्या मुलाखती घेऊन पोट भरतात आणि सुंदर वस्तूंसाठी झुरतात. मग ट्युनिशियातल्या स्फाक्सला जातात. सिल्वी शिकवते, झेरोमला काम नसतं. वस्तूंची ओढ हळूहळू विझते, पण तिच्या जागी काहीच उगवत नाही. दिवस नुसते रिकामे जातात. दोघं परततात. अखेरचा भाग भविष्यकाळात लिहिलेला आहे: बोर्दोला चांगल्या नोकऱ्या मिळतील, आगगाडीने तिकडे निघतील, जेवण येईल, आणि ते अगदी बेचव असेल.