टेक्नोचा सुवर्णकाळ आणि काही सोयीस्कर विसर

‘टेक्नो खरं होतं ते नव्वदच्या दशकात. तेव्हा खरी मशीनं होती, धंदा नव्हता, पोरं मोकळी नाचायची. आता नुसता वेग आणि हातात फोन.’ टेक्नोबद्दल, म्हणजे यंत्रांवर बनणाऱ्या, सलग ठोक्यांच्या नाचाच्या संगीताबद्दल, अशा अर्थाचा मजकूर शब्द बदलून सारखा फिरत असतो आणि त्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागते. माझी मान काही हलत नाही.

आधी काळच बघा. या आठवणी हटकून १९९१च्या बर्लिनपासून सुरू होतात. भिंत पडलेली, वेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरची तळघरातली तिजोरी आणि तिथे उघडलेला ट्रेझर क्लब. पण हुआन अ‍ॅटकिन्सच्या सायबोट्रॉन या बँडची पहिली रेकॉर्ड अमेरिकेतल्या डेट्रॉईटमधून निघाली ती १९८१ साली! पुढे डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या त्याच्या शाळेतल्या मित्रांनी हे संगीत वाढवलं. ट्रेझरच्या स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीची पहिली रेकॉर्डसुद्धा डेट्रॉईटच्याच ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या गटाची. ज्या कृष्णवर्णीय तरुणांनी हे घडवलं, त्यांची दहा वर्षं गाळूनच हा सुवर्णकाळ मोजायला घेतात. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

धंदा नव्हता म्हणे. १९८९मध्ये बर्लिनच्या रस्त्यावर जेमतेम दीडशे लोकांनिशी निघालेली लव्ह परेड ही टेक्नोची मिरवणूक दहा वर्षांत दहा लाखांच्या पुढे गेली, ती काय प्रायोजकांशिवाय? ‘टू अनलिमिटेड’ या बँडचं ‘नो लिमिट’ हे गाणं १९९३मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. ‘तेव्हाचं टेक्नो’ म्हणताना ते कुणालाच आठवत नाही. उलट डेट्रॉईटच्याच रॉबर्ट हूडने १९९४मध्ये ‘मिनिमल नेशन’ ही मोजक्या आवाजांची रेकॉर्ड काढली, ती रेव्हच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या मेळाव्यांच्या, भपक्याला वैतागून. म्हणजे ‘सगळं बिघडलं’ ही तक्रार ऐन सुवर्णकाळातही होतीच. तेव्हाही टाकाऊ रेकॉर्ड ढिगाने निघत. तीस वर्षांच्या चाळणीतून जे उरलं तेवढंच आपण आज ऐकतो, आणि त्याची तुलना कालपरवा निघालेल्या सगळ्याच मालाशी करतो.

मोकळेपणाचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये १९९४च्या कायद्याने एकापाठोपाठ एक ठोके पडणाऱ्या संगीताची व्याख्याच केली आणि असे मेळावे उधळायचा अधिकार पोलिसांना दिला.

मशीनांचा मुद्दा तर गमतीचा आहे. रोलँड कंपनीची ८०८, म्हणजे ठोके वाजवणारी पेटी, खऱ्या ड्रमसारखी वाजत नाही, ही तिच्याबद्दलची तक्रार होती. त्याच कंपनीची खर्जाचे सूर काढणारी ३०३ बाजारात पडली आणि १९८४मध्ये बंद झाली. पोरांनी ती यंत्रं उचलली, कारण सेकंडहँड बाजारात ती स्वस्त होती. आज त्याच जुन्या डब्यांसाठी संग्राहक भरमसाट पैसे मोजतात. तेव्हा त्या डब्यांचं जे स्थान होतं, ते आज साध्या लॅपटॉपचं आहे. दोन रेकॉर्डचे ठोके आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणावर नाक मुरडणाऱ्यांना एवढंच विचारेन की ठोके जुळल्यावर पुढची रेकॉर्ड कोणती लावायची, हे ते बटण सांगतं का?

वेगही नवा नाही. रॉटरडॅमचं गॅबर हे टेक्नोचं दणदणीत भावंड नव्वदीच्या सुरुवातीलाच मिनिटाला १६० ठोक्यांच्या वर धावत होतं.

फोनचं मात्र मान्य. बर्लिनचे काही क्लब दारातच कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, बरं करतात.

खरोखर गेलं ते वेगळंच आहे: जागा. भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनमध्ये इमारती ओस पडल्या होत्या, कित्येकांची मालकी कुणाकडे हेच ठरायचं होतं. म्हणून तळघरं, गोदामं, वीजकेंद्रं जवळपास फुकटात मिळाली. ते दिवस परत येणार नाहीत, आणि त्याला आजच्या डीजेंचा वेग किंवा लॅपटॉप जबाबदार नाही. मार्च २०२४मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण बर्लिनचाच, २००२पासून चालणारा वॉटरगेट क्लब त्याच वर्षाच्या अखेरीस बंद झाला; भाडं आणि वाढता खर्च परवडेना.