वाळूची रेल्वे आणि रस्त्याचा खर्च : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंग्लंडच्या बेडफर्डशायर काउंटीतल्या लेटन बझर्ड या गावच्या वाळूच्या रेल्वेवरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. दोन फूट अंतराच्या रुळांवरून वाळूचे डबे ढकलण्याला रेल्वेचा इतिहास म्हणणं ही ओढाताण आहे. आपल्याकडे वाळूउपशाने नद्या खरवडल्या जात असताना इंग्लंडातल्या वाळूच्या व्यापाऱ्यांचं कौतुक करणं तुम्हाला खटकलं. आणि माथेरान-बार्शीच्या छोट्या रेल्वे सोडून बेडफर्डशायर कशासाठी, हा तिसरा प्रश्न.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण लेख लिहिला तोच त्यासाठी.

अर्नोल्ड आणि गारसाइड या व्यापाऱ्यांनी उदार होऊन रेल्वे बांधली नाही, त्यांना ती बांधावी लागली. लेटन बझर्डच्या आसपास जमिनीखाली उत्तम वाळूचे थर आहेत. बांधकामाला, पाणी गाळायला, ओतकामाच्या साच्यांना ती चालते. ही वाळू खाणींतून घोडागाड्यांनी आणि पुढे वाफेवर चालणाऱ्या ट्रकांनी गावातल्या रस्त्यांवरून, मोठ्या रेल्वेच्या डन्स्टेबल फाट्यावरच्या ग्रोव्हबरी सायडिंगपर्यंत, म्हणजे माल चढवायच्या बाजूच्या रुळांपर्यंत, यायची. रस्ते अरुंद आणि वजन भरमसाट, त्यामुळे रस्ते खचायचे. काउंटी कौन्सिल, म्हणजे तिथली जिल्हा परिषद, गप्प बसलं नाही. रस्त्याची नुकसानभरपाई त्याने वाळूवाल्यांकडून वसूल केली. पहिल्या महायुद्धात बेल्जियमहून येणारी ओतकामाची वाळू बंद झाली, दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी लेटन बझर्डच्या वाळूची मागणी एकदम वाढली आणि रस्त्यांची पार वाट लागली. तेव्हा दुरुस्तीचा भार सरकारने उचलला. युद्ध संपताच तो आधार गेला आणि कौन्सिलने बजावलं, की यापुढे वाळू रस्त्याने न्यायची नाही. धंद्यात एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन व्यापारी त्यानंतर एकत्र आले, कंपनी काढली आणि २० नोव्हेंबर १९१९ रोजी रेल्वे सुरू झाली.

मला भिडलं ते हे. वाळू विकणाऱ्याचा नफा आणि रस्त्याची दुरुस्ती हे दोन्ही एकाच वहीत मांडायला लावलं गेलं. रस्ता मोडण्याचा खर्च व्यापाऱ्याच्या अंगावर पडला, म्हणून त्याला रूळ स्वस्त वाटले. तो खर्च गावाच्या माथी मारता आला असता, तर रूळ कधीच पडले नसते. तुमच्या गावच्या रस्त्यावरून रात्रभर वाळूचे डंपर जातात, असं तुम्ही लिहिलंय. मग याच गोष्टीत तुम्हाला व्यापाऱ्याचं कौतुक दिसावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. एक फरक मात्र मी ठामपणे मानतो. तिथली वाळू नदीपात्रातली नव्हे, जमिनीतल्या खाणीतली. नदीची चाळण होते तो प्रश्न वेगळा आणि कितीतरी गंभीर आहे, रुळांनी तो सुटत नाही.

आता ‘ही रेल्वेच नव्हे’ याबद्दल.

ही लाइन स्वस्तात करायची होती. जमीनमालकांशी करार करून वाट मिळवली, त्यामुळे रूळ शेतांच्या कडेकडेने वळत गेले. वळणं तीव्र, चढ खडे, मधे मधे रस्ते ओलांडायचे. सामान आलं ते युद्धाचं उरलेलं. खंदकांपर्यंत दारूगोळा पोचवायला ब्रिटिश सैन्याने फ्रान्समध्ये अरुंद रुळांचं जाळं विणलं होतं, त्याचा शिल्लक माल आता विकायला निघाला होता. सुरुवातीला वाफेची दोन इंजिनं आणली, पण ती इथे चालली नाहीत. १९२१ पर्यंत ती काढून टाकली आणि सगळी भिस्त पेट्रोलच्या ‘सिम्प्लेक्स’ इंजिनांवर आली. ब्रिटनमध्ये वाफेचं राज्य असताना एक आख्खी लाइन पेट्रोलवर चालत होती. हा रेल्वेचा इतिहास नाही, तर मग कशाला म्हणायचं?

हे सिम्प्लेक्स जवळून पाहण्यासारखं आहे. बनवणारी मोटर रेल कंपनी त्याच काउंटीतल्या बेडफर्डची. ड्रायव्हर रुळांना आडवा, म्हणजे कुशीकडे तोंड करून बसतो. मान डावीकडे वळवली की एक दिशा, उजवीकडे वळवली की दुसरी. गिअर दोन्ही दिशांना सारखेच, त्यामुळे इंजिन फिरवायची गरजच नाही. मागचे वाळूचे डबे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे. खटका काढून ढकललं की डबा कुशीवर कलंडतो आणि वाळू बाजूला ओतली जाते. खाली फावडं घेऊन कोणी उभं राहायला नको. धंद्याच्या गरजेतून जन्मलेल्या यंत्रात असा नेमकेपणा असतो, आणि मला तो एखाद्या मेल गाडीच्या इंजिनाइतकाच मोलाचा वाटतो.

पुढे रस्त्यावरची लॉरी जिंकली. १९५५ च्या रेल्वे संपात बरीच वाळू लॉऱ्यांकडे वळली ती परतली नाही. १९५८ मध्ये कंपनीने गाड्या चालवणं थांबवलं, मग दोघे व्यापारी आपापल्या गाड्या चालवत राहिले. १९६८ पासून स्वयंसेवकांनी तिथे प्रवासी गाड्या सुरू केल्या. आजही ती लाइन चालू आहे.

राहिला माथेरानचा मुद्दा. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळ-माथेरान लाइन सुरू केली, ती याच दोन फुटी रुंदीची. तिची इंजिनं आली जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलकडून. या कंपनीचं नाव झालं ते खाणी, मळे आणि बांधकामांवर घालायच्या हलक्या रुळांमुळे. आपण ज्या गाडीला लाडाने ‘राणी’ म्हणतो, तिचं इंजिन खाण-मळ्यांच्या रेल्वेच्याच घराण्यातलं आहे. घाटातली वळणं घेता यावीत म्हणून त्याच्या पुढच्या-मागच्या आसांना थोडं बाजूला सरकण्याची मुभा दिलेली होती. त्यातलं ७४० क्रमांकाचं इंजिन इंग्लंडला गेलं आणि लेटन बझर्डच्या रेल्वेकडे राहिलं. माथेरानचं इंजिन वाळूच्या लाइनवर राहायला जातं, तेव्हा बेडफर्डशायर आपल्याला परकं कसं म्हणायचं?

बार्शीवर लिहिणारच आहे. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये गाडी सुरू झाली, ती अडीच फुटी रुळांवर. पण एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या तिच्या इंग्रज अभियंत्याने तिच्या डब्यांची आणि इंजिनांची चाचणी त्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे घेतली होती. प्रत्येक आसावर सारखं आणि मोजकं वजन ठेवायचं, म्हणजे हलके रूळ पुरतात, हे त्याचं गणित होतं. पंढरपूरची वारी, लातूरचा व्यापार, मिरजेपर्यंतची लाइन या सगळ्याआधी मला ते गणित नीट मांडायचं आहे. तेव्हा पुढचा लेखही इंग्लंडातूनच सुरू होईल.